धनीबाईंचा आकडा

१७ ऑक्टोबर

महागावला येऊन आठवडा झाला. बसस्टँडमागे खोली मिळाली आहे. घरमालकीण बरी आहे, फक्त मी एकटी का राहते हे तिला रोज नव्याने समजावून सांगावं लागतं.

प्रशिक्षण आज संपलं. दम्याच्या औषधाच्या अभ्यासातलं माझं काम थोडक्यात असं, की दमा असलेल्या माणसांचं जगणं कसं चाललं आहे ते मोजायचं. फुफ्फुसाची ताकद मोजायला फुंकायचं यंत्र असतं, ते डॉक्टर बघतात. माझ्याकडे प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत झोपताना, हसताना, धुळीत, धुरात, चढ चढताना किती त्रास झाला? माणसाने पट्टीवर बोट ठेवून उत्तर द्यायचं. एक म्हणजे फार त्रास, सात म्हणजे मुळीच नाही. औषधाचा पंप देण्याआधी एकदा, मग दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी विचारायचं. आकडा चढला की जगणं सुधारलं, असं धरायचं.

अंकुर सर आमचे समन्वयक. त्यांनी शेवटी तीन गोष्टी बजावल्या: उत्तर सुचवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हळहळायचं नाही. हळहळणं मला तसंही जमत नाही. आई म्हणते, फार्मसी शिकून निकिता गोळीसारखी झाली आहे, गिळली की संपलं.

२१ ऑक्टोबर

फुलसावंगीच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावर गेले. सोयाबीनची मळणी चालू होती, रस्त्यापर्यंत भुसा उडत होता. घर देवसिंग आडे यांचं. पेशंट त्यांची बायको धनीबाई, वय बावन्न, दमा पंधरा वर्षांपासून. घरात एक मुलगी आहे, अंजू, वय वीस. मोठ्या मुलाचा संसार पुण्याकडे.

देवसिंगभाऊ बायकोच्या आधी उत्तरं देत होते. चालताना त्रास होतो का, असं मी धनीबाईंना विचारलं, तर तेच म्हणाले, "तिले काही नाही होत. बसून राहते, मंग दम कायचा लागन?" मी त्यांना विनंती करून अंगणात बसवलं. तिथूनही ते अधूनमधून बोलत राहिले. दमा बायकोच्या माहेरचा आहे, आमच्याकडे कोणालाच नाही, पोरीला तर साधी सर्दीही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलीबद्दल मी विचारलेलं नव्हतं.

धनीबाई उत्तरं देताना पट्टीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. बोट ठेवलं की विचारायच्या, "बरोबर हाये ना?" यात बरोबर-चूक काही नसतं, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं. झोपेच्या प्रश्नावर मात्र बोट झटकन एकवर गेलं. आडव्या झाल्या की छाती भरते, म्हणून कापसाच्या ढिगाला पाठ टेकून झोपतात. वेचलेला कापूस घरातच भरलेला आहे, छतापर्यंत. यावर काही बोलायचं नाही, असा नियम आहे. बोलले नाही.

सरासरी साडेतीनच्या आसपास आली. अंजूने पाणी आणलं. हातात तांब्या घेऊन ती उंबऱ्यापाशी जराशी थांबली, मग आत आली. लाजाळू असावी.

२६ ऑक्टोबर

पंपाचं वाटप झालं. तोंडाला लावायचं नळकांडंही सोबत दिलं. लोकांना पंपाची भीती वाटते. एकदा लागला की सुटत नाही, असं म्हणतात. श्रावण नावाचे एक गृहस्थ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांनी पंप घेतला, पण माझ्यासमोर तो बनियनच्या आत लपवला आणि मगच बाहेर पडले. जाताना म्हणाले, मालकाला कळलं तर कापसावरून काढतील.

धनीबाईंनी पंप कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.

९ नोव्हेंबर

पंप नीट घेतात की नाही ते बघायला परत तांड्यावर. बहुतेकांचं चुकतं. दाबतात आधी आणि श्वास घेतात नंतर. धनीबाईंचंही चुकत होतं. बोट आणि श्वास यांचा मेळ बसत नव्हता. तेवढ्यात अंजू पुढे आली, आईच्या हातातून पंप घेऊन हलवला, नळकांड्यात बसवला आणि कसं करायचं ते आपल्या याडीला, म्हणजे आईला, सांगू लागली. श्वास आधी पूर्ण सोड, मग ओढ, मग दहापर्यंत धर, मग चूळ भर. एकही पायरी चुकली नाही. प्रशिक्षणात आमच्यातल्या निम्म्यांना हे जमलं नव्हतं. शेऱ्यात लिहिलं: मुलगी हुशार, आईची काळजी घेते, औषध नियमित जाईल.

धनीबाई तिच्याकडे बघत हसत होत्या. मग त्यांना खोकला आला.

अंजू फुलसावंगीला शिवणकाम शिकायला जाते असं कळलं. आधी ऑटोने जायची, आता चार दिवसांपासून सायकलने जाते. देवसिंगभाऊ खुशीत होते. पोट्टीच्या अंगात अचानक जोर आला म्हणाले. स्थळं येऊ लागली आहेत, त्यामुळे असेल. मुली अशा वेळी उत्साही होतात, असं ऐकलं आहे. मला अनुभव नाही.

६ डिसेंबर

सुट्टी घेतली. सकाळी विहारात, मग बाभुळगावला घरी. आईने तब्येत विचारली, मी ठीक म्हणाले. मी तिची विचारली, ती ठीक म्हणाली. पट्टी असती तर दोघींनी सातवर बोट ठेवलं असतं.

१९ डिसेंबर

दुसरी फेरी. बाकी सगळ्यांचे आकडे चढले. श्रावण तर सहावर पोचले. ते आता दोन मजले चढून गाठी मोजायला जातात.

धनीबाईंचा आकडा उतरला. अगदी थोडा, पण उतरला.

मी पंप तपासला. मागचा वेळेवर संपला होता, दुसरा हिशेबात चालू होता. म्हणजे औषध घेतलं जात आहे. पद्धत पुन्हा बघितली, ती बरी होती, पण हात सरावलेला वाटला नाही. बाहेर थंडी आहे, चुलीत कापसाची पऱ्हाटी जळते, धूर घरभर. पण हे इतरांच्या घरीही आहे आणि त्यांचे आकडे चढले आहेत.

मी धनीबाईंना विचारलं, औषधाने काहीच फरक वाटत नाही का. हा प्रश्न यादीत नाही, तो विचारायला नको होता. त्या म्हणाल्या, "लय फरक हाये, मॅडम. घर हलकं झालं." पुन्हा विचारलं, छातीत फरक आहे का. तर म्हणाल्या, "औषध बंद नका करू बरं. मी सांगीन तसा आकडा लिवा, पाच लिवा, सहा लिवा." मी म्हटलं, असं ठरवून नाही, तुमच्या त्रासावरून लिहायचं असतं. त्यांनी मग मान खाली घातली आणि बोट होतं तिथेच ठेवलं.

खोटं बोलायची तयारी आहे, पण बोलता येत नाही. अशा पेशंटचं काय करायचं ते प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

परत निघाले तेव्हा अंजू सायकलवरून तांड्यात शिरत होती. चढावर उतरलीसुद्धा नाही. मला बघून हात केला. गाल लाल झाले होते. पहिल्या भेटीतली उंबऱ्यावर थांबायची सवय गेलेली दिसते.

२ जानेवारी

आज एक गोष्ट सुचली आणि ती बरोबर आहे असं वाटतं.

धनीबाई आधी काहीच करत नव्हत्या, म्हणून त्यांना त्रास कमी जाणवायचा. औषधाने बरं वाटू लागल्यावर त्या जास्त कामं करत असणार, जास्त अपेक्षा धरत असणार, आणि म्हणून दम कुठे लागतो हे त्यांना आता कळत असणार. म्हणजे आकडा उतरला असला तरी जगणं चढलं आहे. "घर हलकं झालं" या वाक्याचा दुसरा अर्थ लागत नाही.

अंकुर सरांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, निकिता, हे लिहून पाठव. रात्री जेवण नीट गेलं. पुष्कळ दिवसांनी मी काहीतरी समजून घेतलं असं वाटलं.

१८ जानेवारी

यवतमाळला बैठक. माझं टिपण सरांनी वाचून दाखवलं. परिषदेसाठी जो सारांश पाठवला त्यात ते घेतलं आहे, माझं नाव तिसरं. शेजारच्या तालुक्याच्या मुलाखतकर्तीने विचारलं, धनीबाई आता नक्की कोणती कामं जास्त करतात? मी ते विचारलेलं नव्हतं. घरकाम, असं सांगितलं.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

तिसऱ्या फेरीसाठी तांड्यावर गेले. आडे यांच्या अंगणात जीप उभी होती. अंजूला बघायला दिग्रसकडचे पाहुणे आले होते: मुलगा बादल, त्याचे वडील धावजी आणि मुलाची आत्या. मला बघताच देवसिंगभाऊ धावत आले. मला मागच्या दारी नेलं आणि हात जोडले. आज दम्याचं नाव काढू नका म्हणाले. कोणी विचारलं तर बचत गटाची बाई आहे असं सांगा. घरात दमा आहे हे कळलं तर पोरीचं जमायचं नाही. मी म्हटलं, मला कोणी विचारणार नाही. मागच्या ओसरीवर बसून राहिले.

स्वयंपाक तिथेच होता. धनीबाई चुलीपुढे पुऱ्या तळत होत्या. एका बाजूला पऱ्हाटी पेटलेली, दुसऱ्या बाजूला मिरचीची फोडणी. त्यांचे खांदे वर गेलेले मला दिसत होते. बोलताना त्या एका श्वासात दोनच शब्द बोलत होत्या. मी पंप कुठे आहे असं हळूच विचारलं. त्यांनी मान हलवली, आता नको. मी म्हटलं, आत्ताच हवा. त्यांनी पुन्हा मान हलवली. जवळ नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग झारा हातातून पडला. त्या दोन्ही हात जमिनीला टेकून पुढे वाकल्या. ओठ निळसर दिसू लागले. मी त्यांना धरून धुराबाहेर ओढलं आणि अंजूला हाक मारली. ती पाहुण्यांसमोर बसलेली होती. ती उठून धावत आली, मागोमाग सगळे आले. तिने खुंटीवरची, शिवणकामाला न्यायची आपली पर्स उघडली आणि तिच्यातून नळकांड्यासह पंप काढला. आईच्या तोंडाला नळकांडं लावलं. मी श्वास मोजत होते. एक, पुन्हा एक, पुन्हा एक.

थोड्या वेळाने धनीबाईंच्या छातीची शिट्टी जरा उतरली. तेव्हा मला दुसरी शिट्टी ऐकू आली. ती अंजूच्या छातीतून येत होती. ती धुरातून धावत आली होती, तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. धनीबाईंनी डोळे उघडले, नळकांडं आपल्या तोंडातून काढलं आणि तिच्या तोंडाकडे वळवलं.

मुलाच्या आत्याने विचारलं, "हा पंप कोनाचा हाये?"

देवसिंगभाऊ म्हणाले, बायकोचा. धनीबाईंनी लगेच स्वतःच्या छातीवर हात आपटला, माझा, माझा. त्यांना बोलता येत नव्हतं.

अंजूने आधी आपला श्वास पुरा केला. मग म्हणाली, "माझा हाये. याडीनं सोताच्या नावानं आनून मले देल्ला. ती नाही घेत."

चुलीवरचं तेल जळत होतं, ते धावजींनी उतरवून ठेवलं.

माझ्या पिशवीत तिसऱ्या फेरीनंतर द्यायचा नवा पंप होता. मी त्याचं पाकीट फोडलं आणि तो आईच्या हातात दिला. जुना मुलीच्या हातात राहिला. हे नियमात बसत नाही, पण ते करताना मला नियम आठवला नाही.

धनीबाईंना महागावच्या दवाखान्यात पाहुण्यांच्या जीपने नेलं. दुसरं वाहन नव्हतं. बादल गाडी चालवत होता. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडलं. धूळ येते, काचा वर करू का, असं विचारलं. मुलगा फारसा बोलणारा दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

धनीबाईंना वाफेचं औषध दिल्यावर संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. पाहुणे तिथूनच परस्पर दिग्रसला गेले. काही कळवतो, एवढंच धावजी म्हणाले.

देवसिंगभाऊ व्हरांड्यात बसून होते. मला वाटलं चिडतील. त्यांनी विचारलं, पोट्टीले कवापासून? मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून सांगते. आत जाऊन विचारलं, तर लहानपणापासून, पण वर्षभरात वाढला. ते ऐकून ते म्हणाले, "मी घरातच रायतो ना, मॅडम." मी त्यांना चहा आणून दिला.

धनीबाईंनी नंतर सगळं सांगितलं. दवाखान्यात मुलीचं नाव लावलं असतं तर तांडाभर झालं असतं. म्हातारीला दमा आहे हे सगळ्यांना माहीतच होतं, म्हातारीच्या दम्याला कोण विचारतं? म्हणून त्यांनी स्वतः नाव दिलं. पहिल्या रात्रीपासून पंप मुलीने घेतला. मुलगी नको म्हणत होती, पण आईने शपथ घातली. मग मुलीची झोप लागली. घर हलकं झालं म्हणजे हेच. रात्री तिची शिट्टी ऐकू येईना.

मी विचारलं, मग तुमचा त्रास? त्या म्हणाल्या, "माझा तं होताच."

माझं टिपण काढून वाचलं. त्यात "अपेक्षा वाढल्याने" हे शब्द तीन ठिकाणी आहेत.

१४ फेब्रुवारी

अंकुर सरांना सगळं लेखी कळवलं, पंप फोडल्याचंही. ते रागावले नाहीत. म्हणाले, एक पेशंट गाळून टाकू, औषध घेतलंच नाही म्हटल्यावर ती अभ्यासात बसत नाही. सारांश आता मागे घेता येणार नाही, आणि मुद्दा तर चांगलाच आहे, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत खरा असेल. मी म्हटलं, असेल, पण आपण तो हिच्यावरून लिहिला आहे. ते म्हणाले, बघू.

मग मी म्हटलं, बाकीच्या घरांत एक प्रश्न विचारायची परवानगी द्या. तुमच्या घरात हा पंप आणखी कोणी वापरतं का? सर म्हणाले, विचार, पण आकड्यांत धरायचं नाही.

माझं नाव सारांशातून काढायला सांगितलं. ते त्यांनी लगेच मान्य केलं, याचं थोडं वाईट वाटलं.

२५ फेब्रुवारी

तो प्रश्न विचारत फिरते आहे. आधी सगळे नाही म्हणतात. मग पाणी येतं, मग चहा येतो, मग कोणीतरी आतून येऊन उभं राहतं. एका घरी सून, एका घरी नातू. श्रावण यांच्या घरी त्यांची बायको. ती गेली अनेक वर्षं घरी कापसातली सरकी काढते, तिला कोणी कधी तपासलेलंच नाही. या सगळ्यांना शुक्रवारी ओपीडीला यायला सांगितलं. सल्ला द्यायचा नाही हा नियम मी या बाबतीत पाळलेला नाही. नोंदवून ठेवते.

धनीबाई आणि अंजू दोघींची नावं दवाखान्यात वेगवेगळी लागली. अंजूने खिडकीपाशी आपलं नाव मोठ्याने सांगितलं. मागे तांड्यातल्या दोन बायका उभ्या होत्या. तिने पाहुण्यांसमोर तसं का सांगितलं असेल, याचा मी विचार करते. घाबरून तोंडातून निघून गेलं असावं. पण खिडकीपाशी ती घाबरलेली नव्हती.

दिग्रसकडून काही निरोप नाही. देवसिंगभाऊ म्हणतात, येणारही नाही.

१६ मार्च

होळी झाली. अभ्यासाचं काम संपत आलं. धनीबाई गाळल्या गेल्या आहेत, तरी मी पट्टी घेऊन तांड्यावर गेले. हे कुठे भरायचं नाही, माझ्यासाठी होतं.

कापूस विकून घर रिकामं झालं होतं. चूल अंगणात आली होती. देवसिंगभाऊ न सांगताच उठून बाहेर गेले. झोपेच्या प्रश्नावर धनीबाईंनी बोट पाचवर ठेवलं. "बरोबर हाये ना," असं विचारलं नाही. आता आडव्या झोपतात. पहिल्या रात्री सवय नसल्याने दोनदा उठून बसल्या म्हणाल्या, छाती मोकळी असूनही.

मग अंजूला विचारलं. ती प्रत्येक प्रश्नाला वेळ घेत होती. काळजी वाटते का, या प्रश्नाला तिने आधी दोनवर बोट ठेवलं, मग उचलून चारवर. कारण विचारायचं नसतं. तिने आपण होऊन सांगितलं, "आता लपवा नाही लागत."

२३ मार्च

सामान बांधून झालं. उद्या बाभुळगाव.

दुपारी बादलचा फोन आला. माझा नंबर दवाखान्यात घेतला होता म्हणाला. त्याला काही माहिती हवी होती. चुलीऐवजी गॅस असला तर दम्याच्या माणसाला किती फरक पडतो? कापूस घरात न भरता गोठ्यात भरला तर चालतो का? पंप जन्मभर घ्यावा लागला तर बाईमाणसाला, लेकराबाळांच्या वेळी, काही होतं का? मी सगळ्याची उत्तरं दिली. गॅसने पडतो, गोठ्यात चालतो, आणि डॉक्टरच्या सल्ल्याने घेतला तर काही होत नाही, उलट सोडू नये. तो मध्ये मध्ये थांबायला सांगत होता, लिहून घेत असावा. आडे यांच्या घराबद्दल त्याने एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तरी पेशंटची माहिती मी दिली नसती.

तुमच्या घरात कोणाला दमा आहे का, असं शेवटी मी विचारलं.

त्याने वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अजून तं नाही, मॅडम."

लक्षणं दिसली की उशीर न करता दवाखान्यात घेऊन या, असं सांगून मी फोन ठेवला.